मोरे ईल परत परत खाणं सोडते, तेव्हा काय काय बघायचं

टँकमधली मोरे ईल, म्हणजे सापासारखा लांब समुद्री मासा, खात नाही म्हटलं की माणूस पहिलं काय करतो, तर खाणं बदलतो. कोळंबीला तोंड लावलं नाही मग माकुळ आण, माकुळही नको मग खेकड्याची नांगी दे, तेही नको तर कुणीतरी सांगतं जिवंत गप्पी सोड, मग एक दिवस ती खाते, घरात आनंदीआनंद, आणि पंधरवडा जात नाही तोवर परत उपास सुरू. हे चक्र ज्यांच्याकडे चालू आहे त्यांच्यासाठी हे लिहितोय. नवीन आणलेली ईल पहिले दोन-तीन आठवडे खात नाही तो वेगळा विषय, तिला एकटी सोडा, खाईल. पण महिनोन् महिने छान खाणारी स्नोफ्लेक जातीची मोरे मधेच थांबते, परत सुरू होते, परत थांबते, तेव्हा मला तरी ताटात दोष दिसत नाही. ही नखरे करणारी जात नाहीच, उलट खादाड आहे. खादाड जनावर खाणं सोडतं म्हणजे भानगड पाण्यात असते, आणि आपल्या पुण्यात ती बऱ्याचदा टँकच्या झाकणापासून सुरू होते. झाकणाकडे येतोच, पण त्याआधी दोन गोष्टी क्लिअर करून घेऊ.

ईल नक्की कुठली आहे?

हे विचारलं की लोकांना राग येतो पण अर्धी प्रकरणं इथेच मिटतात. खरी स्नोफ्लेक म्हणजे एकिडना नेब्युलोसा, पांढरट अंग, त्यावर काळ्या फाटक्या-फाटक्या डागांच्या दोन रांगा, त्या काळ्यात पिवळे ठिपके, आणि नाकाच्या पुढे आलेल्या नळ्या पिवळ्याधमक. आता दुकानात गोड्या पाण्याच्या टँकमध्ये 'फ्रेशवॉटर स्नोफ्लेक' किंवा 'फ्रेशवॉटर मोरे' म्हणून जी मिळते, करडी-तपकिरी अंगावर बारीक फिकट ठिपके असलेली, ती ही नाहीच. ती जिम्नोथोरॅक्स टिले, गंगेच्या मुखाकडची, खाडीच्या मचूळ पाण्यातली. गोड्या पाण्यात ती काही महिने तग धरते म्हणून दुकानदार बिनधास्त विकतो, मग ती खाणं सोडते, थोडं मीठ घातलं की खाते, पाणी बदललं की परत सोडते. तुमच्याकडे ही असेल तर खालचं काही वाचायच्या आधी तिचं पाणी हळूहळू खारं करत न्या, आठवड्याला ०.००२ च्या आसपास स्पेसिफिक ग्रॅव्हिटी (खारेपणाचं माप) वाढवत निदान १.०१२-१.०१५ पर्यंत, घाई करू नका कारण फिल्टरमधले बॅक्टेरियाही नव्या खारेपणाला सरावायला लागतात. आणि मीठ म्हणजे मरीन सॉल्ट, किराणा दुकानातलं खडेमीठ नाही.

आणि काळी किंवा निळी रिबन ईल घेतली असेल तर काय सांगू, ती जातच घरात खात नाही म्हणून बदनाम आहे. तिच्यावर हे उपाय करून बघा पण मी फार आशा दाखवणार नाही.

खरंच उपाशी आहे का?

मोठ्या स्नोफ्लेकला आठवड्यातून दोन-तीनदा खाणं म्हणजे भरपूर झालं. रोज दिलं तर ती आठ दिवस टम्म पोटाने लपायच्या पाइपमध्ये पडून राहणार आणि तुम्ही म्हणणार खात नाहीये. काळज्या करायच्या तर कॅलेंडर बघून करू नका, अंग बघून करा. डोक्याच्या मागचा भाग डोक्यापेक्षा बारीक दिसायला लागला, पाठ धारदार दिसते, पोट आत गेलंय, तर उपाशी. मान जाड आणि अंग गुबगुबीत असेल तर दोन आठवडे उपास केला तरी काही होत नाही. तोंड सारखं उघडझाप करतेय म्हणून घाबरून मेसेज येतात, अहो ती श्वास घेते तशी, तिच्या कल्ल्याचं तोंड म्हणजे एवढंसं गोल भोक, पाणी तोंडातून ओढून आतून ढकलावं लागतं. मात्र तिची नेहमीची लय तुमच्या डोळ्यात बसलेली असू द्या, कारण ती लय वाढली तर पुढचा मुद्दा लगेच लागू पडतो.

आता झाकण

मोरे ईल पळते हे सगळ्यांना माहीत असतं. ओव्हरफ्लोच्या पाइपशेजारची फट, लाइटची वायर जाते तिथला कोपरा, डोकं गेलं की बाकीचं अंग जातंच, आणि झाकण हलकं असेल तर ती खालून उचलते. म्हणून लोक काय करतात, वरून चारी बाजूंनी काच बसवतात, फटींमध्ये स्पंज कोंबतात, वर दोन विटा. ईल सेफ. डिसेंबर-जानेवारीत काही जाणवत नाही. मग मार्च संपतो, बाहेर ३८-४० डिग्री, फ्लॅट दिवसभर बंद, आत पंप आणि लाइटची गरमी, आणि वरून काचेचं घट्ट झाकण, टँकचं पाणी ३१-३२ ला जाऊन बसतं. ईलला पाहिजे २४ ते २७.

नुसती गरमी असती तरी चाललं असतं एक वेळ, पण पाणी जितकं गरम तितका त्यात ऑक्सिजन कमी मावतो, आणि खाऱ्या पाण्यात गोड्यापेक्षा आधीच कमी मावतो. २५ डिग्रीला समुद्राच्या पाण्यात लिटरमागे पावणेसात मिलिग्रॅमच्या आसपास, ३२ ला सहाच्या आसपास, हे समुद्रकिनाऱ्यावर. आपण ५६० मीटर उंचीवर बसलोय, इथे हवेचा दाब कमी, म्हणजे त्यातले आणखी सहा-सात टक्के वजा करा. वरून झाकण बंद, पाण्याच्या वरच्या हवेची अदलाबदल नाही, कार्बन डायऑक्साइड आतच साठतो, पीएच ८.२ वरून सकाळी ७.८ ला आलेला दिसतो. आणि ईलने माकुळाचा मोठा तुकडा गिळला की तो पचवायला तिला जास्त ऑक्सिजन लागतो. जो मिळत नाहीये. मग ती खात नाही, किंवा खाते आणि दुसऱ्या दिवशी ओकते, आणि ते ओकलेलं दगडाच्या मागे सडतं, अमोनिया वाढतो, मग ती आणखी खात नाही. मधेच अवकाळी पाऊस पडतो, दोन दिवस गारवा, ईल बाहेर येऊन खाते, तुम्हाला वाटतं नवीन आणलेला खेकडा आवडला. खेकड्याचा काही संबंध नाही त्यात.

म्हणून टेस्ट करायची ती संध्याकाळी नाही, पहाटे लाइट लागायच्या आधी करा. तापमान आणि पीएच दोन्ही, आठवडाभर वहीत लिहा. ज्या दिवशी खात नाही ते दिवस आणि हे आकडे शेजारी शेजारी ठेवले की बहुतेकांना उत्तर दिसतं.

उपाय म्हणजे काचेचं झाकण काढून जाळीचं करायचं. स्लायडिंग खिडक्यांना मच्छरदाणीच्या जाळीची फ्रेम करून देणारे कारागीर पुण्यात गल्लोगल्ली आहेत, त्यांना टँकचं माप द्या आणि यूपीव्हीसीची, म्हणजे कडक प्लॅस्टिकची, फ्रेम करून घ्या. ॲल्युमिनियम नको, खाऱ्या पाण्याच्या शिंतोड्यांनी त्यावर पांढरी भुकटी धरते आणि ती टँकमध्ये पडते, स्टीलची जाळी तर गंजतेच. जाळी नायलॉन किंवा फायबरची, आणि रबर बीडिंग नीट दाबून बसवलंय ना ते अंगठ्याने सगळीकडून दाबून बघा, कारण ईल रात्री नाक लावून लावून तेच करणार आहे. फ्रेम टँकच्या काठावर नुसती ठेवायची नाही, बाहेरून खाली दोन इंच उतरेल अशी टोपीसारखी करायची आणि चारी बाजूंना क्लिप. पाइप जातात तिथे खाच मापात कापायची. मग त्या जाळीवरून एक छोटा फॅन पाण्याच्या पृष्ठभागावर तिरका मारायचा. एप्रिलमध्ये पुण्याची हवा कोरडी असते त्यामुळे नुसत्या फॅनने दोन-तीन डिग्री सहज उतरतात, मुंबईवाल्यांना हे सुख नाही. चिलर, म्हणजे पाणी थंड करायचं यंत्र, परवडत असेल तर उत्तमच, पण झाकण बदलल्याशिवाय चिलर लावलात तर थंड पाण्यातही हवा खेळत नाही ती नाहीच.

एवढं करूनही एखाद दिवशी ईल खाली फरशीवर सापडली तर अंग ओलसर आहे का बघा. अंगावर खवले नसतात पण चिकट म्युकस असतो, त्यामुळे ती बराच वेळ तगते, मेली समजून टाकू नका, पाण्यात सोडा आणि एअर पंपला जोडलेला, बुडबुडे सोडणारा दगड शेजारी लावा.

गुरुवारी वीज कंपनीच्या मेंटेनन्सला लाइट जाते त्याचंही इथेच सांगून टाकतो. इन्व्हर्टरवर चिलर चालणार नाही, चालवायचा प्रयत्न पण करू नका, पण एक एअर पंप आणि एक छोटा वेव्हमेकर (पाणी हलवत ठेवणारा पंप) आरामात चालतो आणि तेवढ्याने ईल दुपार काढते. तुमची ईल दर आठवड्याला गुरुवार-शुक्रवारच खात नसेल तर हा योगायोग नाही.

फॅन लावला की खारेपणा हलतो

हा भाग लोक विसरतात आणि मग म्हणतात तुम्ही सांगितलं ते केलं तरी उपास चालूच. फॅनने थंड होतं म्हणजे पाणी उडतं, चार फुटी टँकमधून उन्हाळ्यात रोज चार-पाच लिटर जातं, आणि जातं ते फक्त पाणी, मीठ आतच राहतं. अडीचशे लिटरच्या सिस्टीममध्ये आठवडाभर भर घातली नाही तर १.०२५ चं १.०२९ होतं. शनिवारी मग मालक दोन बादल्या पाणी एकदम ओततो, तासाभरात परत १.०२५, ईलच्या अंगाला हा झटका बसतो. त्याहून वाईट म्हणजे उडालेल्या पाण्याच्या जागी खारं पाणी घालणं, त्याने महिन्याभरात पाण्याचं लोणचं होतं. भर रोज घालायची आणि साध्या आरओ पाण्याची घालायची, फ्लोट व्हॉल्व लावून ऑटो टॉप-अप केलंत तर डोक्याची कटकट जाते. आणि खारेपणा मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर ३५ पीपीटीच्या (हजारात ३५ भाग मीठ) कॅलिब्रेशन सोल्यूशनने सेट करा, नुसत्या साध्या पाण्यावर शून्य दाखवतो म्हणून वरचा आकडा बरोबर असतोच असं नाही.

आरओवरून आठवलं, स्वयंपाकघरातला आरओ वापरत असाल तर त्याच्या आत टीडीएस कंट्रोलर असतो, तो चवीसाठी थोडं कच्चं पाणी परत मिसळतो. म्हणजे तुम्ही समजताय शुद्ध पाणी आणि येतंय ७०-८० टीडीएसचं. महापालिकेचं खडकवासल्याचं पाणी असेल तर त्यातल्या त्यात बरं, पण सोसायटीत टँकर आणि बोअरचं पाणी येतं तिथे या महिन्यात एक पाणी, पुढच्या महिन्यात दुसरंच. आरओवाल्याला सांगून तो कंट्रोलर बंद करून घ्या किंवा टँकसाठी वेगळा आरओ-डीआय (उरलेले क्षारही काढणारा) लावा. गीझरचं पाणी तर अजिबात नको, तांब्याच्या टाकीतून येत असतं बरेचदा, आणि ईलला तांबं सोसत नाही. त्याच कारणाने टँकमधल्या दुसऱ्या माशांना पांढरे ठिपके आले म्हणून त्याच टँकमध्ये कॉपरचं औषध टाकू नका. दगड आणि वाळू ते शोषून घेतात आणि नंतर सोडत राहतात, औषध संपून महिना झाला तरी ईल का खात नाही याचं उत्तर तिथे असतं.

नायट्रेटबद्दल थोडक्यात. ईल नायट्रेट, म्हणजे तिच्या घाणीतून शेवटी पाण्यात साठणारं रसायन, बरंच सहन करते, म्हणून लिटरमागे ८०-१०० मिलिग्रॅम झालं तरी ती मरत नाही आणि मालक निवांत राहतो. ४० च्या खाली ठेवा, स्किमर (पाण्यातली घाण फेसासकट काढणारं यंत्र) टँकच्या मापापेक्षा एक नंबर मोठा घ्या, आठवड्याला १५-२० टक्के पाणी बदला. अमोनिया आणि नायट्राइट शून्य, त्यात चर्चा नाही.

खोलीतली हवा

स्किमर आणि एअर पंप खोलीतलीच हवा ओढून पाण्यात मिसळतात. डासांचं लिक्विड मशीन टँकच्या खालच्या सॉकेटला, शेजारी देवघरात धूप, आणि तिमाही पेस्ट कंट्रोल. डासांच्या औषधांत आणि पेस्ट कंट्रोलच्या फवाऱ्यात पायरेथ्रॉइड नावाची कीटकनाशकं असतात आणि ती जलचरांना भयंकर विषारी आहेत, कोळंबी-खेकड्यांना तर आणखीनच. ईल वासावर जगणारं जनावर, नजर तिची अधू, तिचं नाकच बधिर झालं तर समोर ठेवलेला तुकडा तिला कळत नाही. गणपतीच्या आधी घरात रंगकाम काढलं असेल आणि तेव्हापासून खात नसेल तर फिल्टरमध्ये ॲक्टिव्हेटेड कार्बन टाका, एअर पंपची नळी बाल्कनीतून घ्या, आणि ते डासांचं मशीन दुसऱ्या खोलीत.

लपायला जागा

इथे फार काही नाही. हार्डवेअरच्या दुकानातून दोन इंची पीव्हीसी पाइप, अख्खी ईल आत मावेल एवढा, दोन्ही तोंडं उघडी, असे निदान दोन, वेगवेगळ्या कोपऱ्यात. ट्रिगरफिश तिच्या शेपटीला टोचत असेल तर पाइप कितीही लावा, आधी ट्रिगर काढा. टँक सजवायची हौस म्हणून दर महिन्याला दगडांची मांडणी बदलणारे लोक असतात, त्यांच्याकडे ईल दर महिन्याला उपास करते.

आणि हो, आता खाणं

हे सगळं बघून झालं आणि तरीही, तर ताट बघू. मोरेची गिळायची पद्धत बाकी माशांपेक्षा वेगळी आहे. बाकीचे मासे पाण्यासकट खाणं ओढून घेतात, हिला तसं ओढता येत नाही, हिच्या घशात जबड्याची दुसरी जोडी असते, पुढच्या दातांनी धरलं की ती मागची जोडी पुढे येऊन घास आत ओढते. रीटा मेहता आणि पीटर वेनराइट या शास्त्रज्ञांनी २००७ साली नेचर या विज्ञान नियतकालिकात हे दाखवलं. आणि मेहतांच्याच प्रयोगशाळेने २०२१ मध्ये स्नोफ्लेकबद्दलच दाखवलं की ती उतारावरून पाण्याबाहेर येऊन तिथेच घास गिळू शकते. आपल्या कामाचं त्यातलं हे की तरंगणारे पेलेट आणि चुरा तिच्या उपयोगाचे नाहीत, घास धरता आला पाहिजे. बोटाएवढी लांब पट्टी कापा, चौकोनी ठोकळा नको.

लांब प्लॅस्टिकच्या चिमट्यात पट्टीचं टोक धरून पाइपच्या तोंडाजवळ न्या आणि थांबा. आधी नाकाच्या नळ्या ताठ होतात, मग डोकं इंचभर बाहेर, डावी-उजवीकडे डुलतं, मग ती झेप घेते आणि हमखास अर्धा इंच चुकून चिमट्याला चावते. म्हणून तर चिमटा, बोट नाही. लगेच मागे ओढू नका, ती परत शोधते. धरून लगेच सोडून देत असेल, दोनदा, तीनदा, तर तोंडाला इजा झालीय का बघा, काचेवर किंवा दगडावर नाक घासून बऱ्याचदा फुटलेलं असतं, मग आठवडाभर लहान मऊ तुकडे द्या.

माल ताजा हवा. गणेश पेठेतल्या मासळी बाजारात किंवा कॅम्पात शिवाजी मार्केटला सकाळी जाऊन माकुळ, सालासकट कोळंबी, छोटे खेकडे घ्या, घरी आरओ पाण्यात धुवा, एका वेळेचे तुकडे करून फ्रीझ करा. घरात शाकाहारी मंडळी असतील तर फ्रीझरमधल्या डब्यावरून काय होतं ते मी सांगायला नको, हवाबंद डबा आणि वर मोठ्या अक्षरात 'ईलचं' एवढं लिहा, मटारच्या पिशवीखाली लपवलात की जास्त भांडणं होतात.

कायम कोळंबी आणि शिंपल्याच देत राहिलात तर आणखी एक लोचा आहे. त्यात थायामिनेज नावाचं एन्झाइम असतं, ते व्हिटॅमिन बी१ तोडून टाकतं, आणि फ्रीझरमध्ये ठेवल्याने ते निकामी होत नाही. काही महिन्यांनी ईल सुस्त, खाणं कमी, पोहताना तोल जातो. म्हणून आलटून पालटून द्या आणि आठवड्यातून एकदा तुकडा बी१ असलेल्या ॲक्वेरियमच्या व्हिटॅमिनमध्ये भिजवून द्या. जिवंत गप्पी आणि गोल्डफिश बंद करा, गोड्या पाण्यातल्या माशांची चरबी समुद्रातल्या जनावराला मानवत नाही, आणि गोल्डफिशमध्येही तेच थायामिनेज आहे. दुसरं म्हणजे जिवंत शिकारीची चटक लागली की चिमट्यावरचं ती बघतच नाही.

पाणी सुधारल्यावर लगेच मोठी मेजवानी देऊ नका. पाण्याचे आकडे सलग आठवडाभर एका जागी राहिले की मग संध्याकाळी लाइट मंद करून, पंप पाच मिनिटं बंद ठेवून, करंगळीएवढी माकुळाची एकच पट्टी द्या. खाल्ली तर त्या दिवशी तेवढंच. नाही खाल्ली तर पंधरा मिनिटांत बाहेर काढा, रात्रभर ठेवू नका, आणि तीन दिवस काहीच दाखवू नका. तोंड उघडून जबरदस्ती भरवायचे व्हिडिओ फिरत असतात, ते करू नका, घशातले दात मोडतात. खाऊन दोन दिवस ओकली नाही की पुढची पट्टी जरा मोठी, आणि पंप परत चालू केलात ना तेवढं बघा.